कंपवात : थरथर सुरू होण्याआधी



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरने आजाराविषयी का बोलावे, असा प्रश्न काहींना पडला असेल. पण या आजाराची पहिली नोंद दवाखान्याच्या कागदावर होत नाही, ती घरातल्या बोलण्यात होते. ‘बाबा अलीकडे फार हळू बोलतात.’ ‘आईचे अक्षर बारीक झाले.’ ‘मामंजी रुसल्यासारखे बसून असतात.’ आपण हे बोलतो आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. ते सोडू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटा निबंध लिहून या आजाराचे वर्णन केले. त्यांच्याजवळ सहाच रुग्ण होते, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले होते. पाहण्याची सवय असली की यंत्राशिवायही किती कळते, याचा हा दाखला आहे. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज मात्र झाला आहे : हात थरथरत नाही, म्हणजे कंपवात नाही. पुष्कळ रुग्णांना सुरुवातीला थरथर नसतेच. हालचाल बिघडलेली दिसू लागते तोपर्यंत मेंदूच्या एका भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त संपलेल्या असतात. त्याआधीची काही वर्षे शरीर बारीकसारीक खुणा देत असते.

पहिली खूण नाकाची. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या सुवासासह. तो शिजत असला की शेजाऱ्यालाही कळते. अशा वेळी घरातली वडीलधारी व्यक्ती ‘आज साधाच तांदूळ आहे का?’ असे विचारू लागली, तर लक्ष द्या. सर्दी, सायनस, तंबाखू, कोविड यांनीही वास जातो. कारण सापडत नसेल तर मात्र ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी पोटाची. वर्षानुवर्षांचा मलावरोध ही खूण फार साधी आहे, कारण तो कितीतरी जणांना असतो. म्हणून ती एकटी मोजायची नाही, इतरांच्या सोबतीने मोजायची.

तिसरी झोपेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. स्वप्न पडत असताना आपले अंग सैल पडलेले असते. काहींचे तसे पडत नाही. ते स्वप्नातले भांडण खरोखर भांडतात, ओरडतात, लाथा मारतात. सकाळी त्यांना काही आठवत नाही, बायकोला आठवते. असा झोपविकार तपासणीत पक्का ठरलेल्यांची अनेक वर्षे पाहणी झाली, तेव्हा बहुतेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार झाला.

मग हालचालीच्या खुणा येतात, आणि त्या बहुधा एका बाजूने येतात. चालताना एकच हात हलत नाही. एक पाय घासतो. सदऱ्याचे बटण लावायला वेळ लागतो. एक खांदा आखडतो आणि महिनोन्‌महिने शेक घेऊनही मोकळा होत नाही. लिहिताना ओळीच्या शेवटाकडे अक्षर लहान होत जाते. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. आणि थरथर आलीच तर ती हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते, अंगठा आणि बोट जपमाळ ओढत असल्यासारखे. चहाचा कप उचलताना दोन्ही हात कापत असतील, तर तो पुष्कळदा निराळा, घराण्यात चालत आलेला कंप असतो.

हुबेहूब कंपवातासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. चक्कर आणि उलटीवरच्या सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की अंग जड आणि ताठ होऊ शकते. गोळी बंद केल्यावर ते पुष्कळदा सुधारते. दुसरी आपल्या जिल्ह्याची. भरवेलीच्या खाणीमुळे मँगनीज हा शब्द आपल्याला घरचाच आहे. मँगनीज दळणाऱ्या कामगारांना असा आजार होतो, हे स्कॉटलंडमध्ये १८३७ सालीच नोंदले गेले. खाणीत काम केलेल्या प्रत्येकाला तो होतो, असे नाही. पण त्याच्यावर कंपवाताचे औषध फारसे चालत नाही. म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे ती धूळ श्वासात घेतली, त्यांनी डॉक्टरांना न विचारता ते सांगावे.

एका खुणेने घाबरू नका. दोन-तीन एकत्र आल्या आणि काही महिने टिकल्या, तर गोंदिया-नागपूर गाठून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. या आजाराचे निदान नेहमीच्या रक्ततपासणीत होत नाही, ते तपासून आणि विचारून होते. म्हणून जाताना चालू औषधांची सगळी पिशवी न्या, जुनी सही असलेले एखादे कागदपत्र न्या, चालतानाचे मोबाइलवरचे चित्रण न्या. आणि रात्रीची हकीकत सांगायला जोडीदाराला सोबत न्या.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून हे मीच सांगितलेले बरे : कमी झालेले डोपामिन आमच्या साखरेच्या गोळ्यांनी भरून येत नाही. त्यासाठी लेव्होडोपा लागते. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले. पण म्हणूनच ते चूर्ण डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर मनाने घेऊ नये, मात्रा दुप्पट होते.

आजार थांबवणारे औषध आज नाही. मग लवकर कळून काय उपयोग? हालचाल सुकर करणारे औषध वेळेवर सुरू होते. व्यायाम अंग चालते असतानाच सुरू करता येतो. पडणे टाळता येते. खांद्यावरचे व्यर्थ उपचार थांबतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात समदुःखी माणसे भेटतात. आणि घरातले बोलणे बदलते. जो माणूस हसत नाही म्हणून ‘तुसडा’ ठरला, जेवायला वेळ लावतो म्हणून ‘आळशी’ ठरला, त्याच्यावरचा तो आरोप उतरतो.

आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना एकदा नीट पाहा. दोन्ही हात हलतात का, तेवढेच पाहा.