अक्षरांच्या आधी चित्रे
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



'लहान मुलांचे शिक्षण आणि चित्रांची पुस्तके' हा विषय मला देण्यात आला आहे. दहावी-बारावीचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींची गळती असे प्रश्न समोर असताना हे बाळबोध प्रकरण कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु पहिलीच्या वर्गात जून महिन्यात जे घडते त्याचा हिशेब पुढे दहावीला द्यावा लागतो, हे आपल्या शिक्षकांना विचारून पाहा.

काय घडते? आपल्या बहुतेक घरांतून दख्खनी बोलली जाते. मूल ज्या शाळेत जाते ती मराठी, उर्दू किंवा हल्ली इंग्रजी माध्यमाची. उर्दू शाळेतील पुस्तकी उर्दूसुद्धा अम्मीच्या बोलीहून निराळीच असते. घरी दिवसभर बडबडणारे पोर वर्गात बसले, की बाईंचा प्रश्न त्याला अर्धा समजतो आणि उत्तराचे शब्द तोंडात येत नाहीत. ते गप्प बसते. दोन-तीन महिने गप्प बसले, की त्याच्या नावापुढे 'कच्चा' असा शिक्का बसतो, आणि हा शिक्का पुसायला पुढे चार-चार वर्षे जातात. बरे, त्या मुलाला अक्कल कमी असते असे नाही. त्याच्याजवळ गोष्टी असतात, शब्द दुसऱ्या भाषेत असतात, इतकेच.

यावर पालक काय उपाय करतात? तिसऱ्या वर्षीच पाटी हातात देतात आणि अलिफ-बे, अ-आ-इ किंवा ए-बी-सी घोकून घेतात. अक्षरे येतात, पण त्या अक्षरांनी सांगायचे काय, हे मुलाला ठाऊक नसते. खरे तर अक्षरांच्या आधी बोलणे यायला हवे, भरपूर आणि न घाबरता. त्या बोलण्यासाठी चित्रांच्या पुस्तकाइतके स्वस्त साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आता एक अडचण मला ठाऊक आहे. अनेक माता भगिनी म्हणतात, 'आम्हांला स्वतःलाच वाचता येत नाही, आम्ही मुलांना काय शिकवणार?' त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील जामखेडकडे पाहावे. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या ज्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या. चित्रे दाखवून, त्यांवर बोलून त्या शिकल्या, आणि तशीच चित्रे घेऊन त्यांनी शेजारणींना बाळाचा आहार, जुलाबावरचे पाणी, बाळंतपणाची काळजी हे सारे समजावले. 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या स्त्रियांना सही करता येत नव्हती त्यांनी चित्राच्या आधाराने गावाचे आरोग्य सुधारले असेल, तर घरातील एका मुलाशी चित्रावर बोलणे अम्मीला किंवा दादीला अवघड का जावे?

चित्रांचे पुस्तक ही आपल्या शहराला परकी वस्तूही नाही. निजामशाहीत 1565 च्या सुमारास येथे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हा फार्सी काव्यग्रंथ आफताबी नावाच्या कवीने रचला. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचा हा ग्रंथ आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात सुंदर चित्रे आहेत. गंमत अशी, की यांतील बऱ्याच चित्रांत सुलतानाजवळ बसलेली राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, कोणीतरी मागाहून पुसून टाकली आहे. सत्ता गेल्यावर हे झाले असावे, असे अभ्यासक मानतात. पण ते पान पाहणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, की येथे कोण होते आणि का पुसले? असा प्रश्न चित्र सहज विचारते. मुलालाही.

तेव्हा पुस्तक कसे दाखवावे, ते सांगतो. पुष्कळ घरांत चित्रावर बोट ठेवून 'ये क्या है? बोल, क्या है?' अशी उलटतपासणी चालते. मूल 'बिल्ली' म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी 'बिल्ली कां गई? क्यूं गई? दूध किसका था?' असे विचारा. मुलाने एक शब्द सांगितला, तर त्यात आपला एक शब्द घालून वाक्य परत करा. ते 'बिल्ली भागी' म्हणाले, तर 'हौ, काली बिल्ली दूध पीको भागी' म्हणा. मग थांबा. हे थांबणे आपल्याला जमत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली नेमका याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना पुस्तक दाखवताना असे मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे वाक्य वाढवायला शिकवले, बाकीचे नेहमीप्रमाणे वाचत राहिले. एका महिन्यानंतर पहिल्या गटातील मुले बोलण्याच्या चाचणीत दुसऱ्या गटाहून कित्येक महिन्यांनी पुढे गेली होती. पुस्तके दोन्हीकडे होती, फरक बोलण्यात होता.

आणि हे बोलणे घरच्या भाषेतच व्हावे. दख्खनी बोलल्याने मराठी बिघडते, ही समजूत मनातून काढून टाका. ज्या मुलाला 'डरना', 'छुपना', 'रूठना' म्हणजे काय ते आपल्या बोलीत नीट कळले आहे, त्याला 'घाबरणे', 'लपणे', 'रुसणे' हे नुसते नवे शब्द वाटतात, कल्पना जुनीच असते. तेच चित्र मग शाळेत बाईंनी दाखवावे. पहिलीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीला चित्रवाचनाची पाने मुद्दाम दिलेली असतात. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत ती एका तासात उलटली जातात, याबद्दल शिक्षक बंधू-भगिनींजवळ माझी थोडी तक्रार आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी इतरांच्या लक्षात येत नाही. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. चित्रकथेचा क्रमही त्याप्रमाणे बदलतो. उर्दू पुस्तकात उजव्या चित्रात अंडे असेल आणि डाव्या चित्रात पिल्लू, तर मराठी वळणाने पाहणाऱ्या मुलाला पिल्लू अंड्यात शिरलेले दिसेल! मोठ्यांना हसू येते, पण त्या मुलाला बिचाऱ्याला चूक कोठे झाली तेच कळत नाही. दोन्ही पुस्तके घरी हाताळली, पाने उलटताना बोट फिरवून दाखवले, की मूल हा भेद आपोआप शिकते.

पुस्तके कोठून आणावीत? मराठीत माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका पाहा. आई, बाबा, आजी अशी घरातलीच माणसे, त्यामुळे मूल लगेच आपल्या घरच्यांविषयी बोलू लागते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला अनेक भाषांत आहे. प्रथम बुक्स या संस्थेची पुस्तके मराठी व उर्दू दोन्हींत मिळतात, आणि तिच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून ती विनामूल्य वाचता येतात. मुले थोडी मोठी झाली, की डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' अवश्य सांगा. देशाच्या राष्ट्रपतिपदावर पोहोचलेल्या या शिक्षकाने मुलांसाठी गोष्टी लिहिणे कमीपणाचे मानले नाही.

विकत घेणे शक्य नसेल, तर घरी करा. जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, चहा-बिस्किटांची वेष्टने यांतील चित्रे कापून जाड कागदावर चिकटवावीत आणि कडेने सुईदोऱ्याने शिवावे. मैद्याची खळ पुरेशी आहे. जिल्दगार खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण लहान मूल पान तोंडात घालते आणि मोरचूद विषारी असते, तेव्हा ते मुळीच घालू नये. ज्या घरांत सजीवांची चित्रे ठेवत नाहीत त्यांनी फळे, झाडे, होडी, घड्याळ, भांडी, भुईकोट किल्ला, एस.टी. यांचे पुस्तक करावे. बोलायला तेवढ्यात पुष्कळ आहे.

मोबाईलबद्दल विचारणा होणारच, म्हणून सांगतो. त्यावरील चित्र स्वतःच पुढे पळते, मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबत नाही. पुस्तकाचे पान थांबते. स्टोरीवीव्हरचे पुस्तक मोबाईलवर दाखवायचे असेल, तर तो आपल्या हाती ठेवून पान पान दाखवावे, मुलाच्या हाती देऊन स्वयंपाकघरात जाऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटे भाऊ-बहीण आहेत. अब्बा कामावरून रात्री येतात, अम्मीला विड्या, शिवण, स्वयंपाक यांतून सवड नसते. सातवी-आठवीतील मुलीने, आणि मुलानेही, कारण हे काम आपाचेच असे कोठे लिहिलेले नाही, रोज पंधरा मिनिटे धाकट्याला जवळ घेऊन एक पुस्तक दाखवावे. तेच पुस्तक पुन्हा मागितले तर पुन्हा दाखवावे, कंटाळा करू नये. मुलाला गोष्ट पुढे काय आहे ते आधीच ठाऊक असते, आणि म्हणूनच ते ती स्वतः सांगू लागते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयातील चित्रांची पुस्तके कुलूपबंद कपाटातून काढून दर शनिवारी मोठ्या विद्यार्थ्यांच्या हाती धाकट्यांसाठी घरी द्यावीत. काही फाटतील, काहींवर रेघोट्या उठतील. त्या हिशेबाने दरवर्षी थोडी रक्कम अंदाजपत्रकात धरावी, म्हणजे ग्रंथपालांना मुलांवर रागवावे लागणार नाही.