शेळ्या मोजण्याआधी वैरण मोजा

मी बचत गटांची समन्वयक. गावोगावच्या गटांच्या बैठकांना बसते आणि कर्जाच्या वह्या बघते. या वह्यांत एक गोष्ट मला दरवर्षी दिसते. शेळीसाठी उचललेल्या कर्जाचे हप्ते दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत नीट येतात. एप्रिल-मे लागला की ते अडखळायला लागतात. शेळ्या तर कमी झालेल्या नसतात, उलट करडांनी दावण भरलेली असते. मग पैसा जातो कुठे? तो वैरणीत जातो. म्हणून आज आपण दोनच गोष्टी बोलणार आहोत. आपल्या घरी शेळ्या किती असाव्यात, आणि त्यांच्या खाण्याचा खर्च आवाक्यात कसा ठेवायचा.

आपल्याकडे बहुतेकींच्या दावणीला उस्मानाबादी शेळी आहे. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. काटक जात. साधारण १५० दिवसांत विते, बऱ्याचदा जुळी देते, आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं देते. हा तिचा मोठा गुण. पण त्याच गुणाचा हिशेब मांडून बघा. ५ शेळ्यांची दोन वर्षांत १५ वेतं. निम्म्या वेतांत जुळी धरली तरी २२ करडं. त्यातली काही दगावतात हे मान्य. तरीसुद्धा काहीच विकलं नाही, तर पाचाच्या दावणीला वीस-पंचवीस तोंडं होतात. तेवढ्यात आपलं रान वाढलं का? बांध वाढला का? नाही. म्हणून शेळ्या किती ठेवायच्या हे आपल्या हौसेनं ठरत नाही, ते उन्हाळ्यातल्या वैरणीनं ठरतं.

सरकारी योजनेत आपण ऐकतो, दहा शेळ्या आणि एक बोकड. चांगली गोष्ट आहे. पण दहा हा आकडा योजनेचा आहे, आपल्या बुचाडाचा नाही. ज्या ताईकडे विहिरीचं पाणी आणि दहा गुंठे घास आहे, तिला दहा जड नाहीत. ज्या मावशीकडे फक्त अर्धा एकर कोरडवाहू आहे, तिला चार शेळ्याच जास्त पैसे देऊन जातील.

आता हिशेब कसा करायचा ते सांगते. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

मोठ्या शेळीचं वजन ३० किलो धरू. तिला रोज तिच्या वजनाच्या शेकडा ४ इतका कोरडा आहार लागतो, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. हिरव्या चाऱ्यात तीन हिस्से तर पाणीच असतं, म्हणून हिरवा ४ किलो खाल्ला तरी तो कोरडा एक किलोच भरतो. उन्हाळ्यात हिरवं कुठून आणणार? तेव्हा रोज एक किलो भुसकट किंवा कडब्याची कुट्टी, मूठ-दोन मुठी झाडपाला आणि लागेल तिला थोडा खुराक, असं धरून चला.

वैरणीचे अवघड दिवस शिमग्यापासून आषाढी एकादशीपर्यंत. अधिक मास नसेल तर हे साधारण ११५ दिवस होतात. आपण १२० धरू. पाऊस मृगात आला तरी गवत तोंडात येण्याइतकं वाढायला आणखी काही दिवस लागतात. रोज एक किलो म्हणजे १२० किलो, आणि सांडलवंड धरून दीड क्विंटल. एका मोठ्या शेळीला उन्हाळा काढायला दीड क्विंटल कोरडी वैरण, हा आकडा पाठ करून टाका. दूध सुटलेली दोन करडं म्हणजे एक शेळी. शेळ्या रोज चार-पाच तास चरून येत असतील तर यातला तिसरा हिस्सा वजा करा, त्याहून जास्त नको. मे महिन्यात माळावर शेळी चालते जास्त आणि खाते कमी.

आता घरची वैरण मोजा. तुरीची, हरभऱ्याची गुळी, सोयाबीनचा भुसा, ज्वारीचा कडबा. एक पोतं भरून वजन करा आणि पोती मोजा. कडब्याची एक पेंढी काट्याला लावा आणि पेंढ्या मोजा. घरी बैल, म्हैस असेल तर त्यांचा वाटा आधी बाजूला काढा. समजा, शेळ्यांसाठी १२ क्विंटल उरली. भागिले दीड. उत्तर आलं ८. आपल्या दावणीला उन्हाळ्यात ८ तोंडं पोसतील.

आणि दावणीला आहेत १२. मग काय होतं? आपण म्हणतो, थोडं थोडं देऊ, निभावेल. बघा बरं. १२ शेळ्यांनी रोज पोटभर खाल्लं तर तीच वैरण ८० दिवसांत संपते. म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर बुचाड रिकामं. तेव्हा विकत घ्यायला जावं तर कडब्याचा भाव सगळ्यात चढलेला. आणि अर्धपोटी ठेवल्या तर बाराच्या बाराही वाळतात. गाभण शेळी गाभडते, व्यालेलीला दूध येत नाही, करडू उभं राहत नाही, २४ किलोचा बोकड २० किलोवर येतो. वैरणही गेली आणि चार किलो वजनही गेलं. आठ पोटभर खाणाऱ्या शेळ्या बारा उपाशी शेळ्यांपेक्षा जास्त कमावतात.

मग चार विकायच्या. पण कोणत्या? इथं आपलं मन आडवं येतं. लेकरासारखी वाढवलेली असते. आणि वस्तीवर मान असतो, अमकीच्या दावणीला बारा शेळ्या आहेत म्हणून. मला तो मान कळतो. पण हप्ता मानावर फिटत नाही.

पहिल्यांदा विकायची ती भाकड शेळी. दोनदा बोकड दाखवूनही गाभण न राहिलेली. मग जिची कास सुजून एक सड बंद पडला आहे, जी करडांना पाजत नाही, जिचे दात झिजले आहेत ती म्हातारी. त्यानंतर वाढलेले जादा बोकड. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. चार-पाच शेळ्यांच्या घरी बोकड पोसायची गरजच नाही. गटात मिळून एक चांगला बोकड ठेवा, आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या गटाशी बदला, म्हणजे बापाचा लेकीशी संबंध येणार नाही. ठेवायच्या त्या जुळी देणाऱ्या, भरपूर दूध असणाऱ्या शेळ्या, आणि त्यांच्याच पाठी.

बकरी ईदसाठी बोकड ठेवणाऱ्या ताईंना एक सांगते. ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, म्हणून कॅलेंडर बघूनच बेत करा. बोकड वर्षाचा पूर्ण झालेला असावा. शिंग, कान, पाय धड असावेत. अशा प्रत्येक बोकडाची वैरण आधीच वेगळी मोजून ठेवा. तेवढी नसेल तर तो बोकड शिमग्याच्या आत विकलेला बरा.

विकायची वेळही तीच, शिमग्याच्या आत. मे महिन्यात सगळ्यांचीच वैरण संपते आणि सगळ्याच विकायला निघतात. दारात आलेल्या व्यापाऱ्याला आपली अडचण बोलल्याशिवाय कळते. तो पाठीवर हात फिरवतो आणि भाव सांगतो. आपल्याकडं वजनाचा आकडा नसतो, म्हणून आपण गप्प बसतो.

तो आकडा शिवणकामाच्या टेपनं काढता येतो. शेळी सपाट जागेवर उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, इंचात. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, तीही इंचात. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, आणि भागिले ६६०. उत्तर येतं किलोमध्ये. उदाहरण घ्या. घेर २७, लांबी २४. सत्तावीस गुणिले सत्तावीस ७२९. त्याला २४ नं गुणलं की १७,४९६. भागिले ६६०, म्हणजे साधारण साडेसव्वीस किलो. किलो-दोन किलो इकडंतिकडं होईल, पण अंदाजापेक्षा हे बरं. गटात मिळून टांगता काटा घेतला तर आणखी चांगलं. आणि फक्त विकतानाच मोजू नका, महिन्याला मोजा. दोन महिने वजन वाढलंच नाही असा बोकड फुकट खातोय किंवा आजारी आहे. दोन्हीचा निकाल लावायला हवा.

आता खर्चाकडे येऊ. दुकानातून काही आणण्याआधी, घरातलं वाया जाणारं वाचवा. शेळी मोठी नखरेल. जमिनीवर पडलेलं, पायाखाली तुडवलेलं ती खात नाही. म्हणून पाला दोरीनं उंच टांगा, भुसकट गव्हाणीत घाला. लाकडी फळ्यांची गव्हाण घरी करता येते. कडब्याची कुट्टी केली तर ताटं उरत नाहीत.

खुराक सगळ्यांना सारखा देऊ नका. भाकड, रिकाम्या शेळीला चाऱ्यावर ठेवलं तरी चालतं. खुराक हवा तो गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात, व्याल्यानंतर पाजणारीला आणि वाढत्या करडांना. रोज २०० ते २५० ग्रॅम मोठीला, करडाला त्याच्या वयाप्रमाणे ५० ते १०० ग्रॅम. १० किलो खुराक घरी असा करा. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ४ किलो, शेंगदाणा पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, तुरीची चुनी १ किलो २०० ग्रॅम, क्षार मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम. मात्र एकदम भरपूर धान्य कधीही घालू नका. खळ्यावर सुटलेली शेळी ज्वारी खाऊन रात्रीत मरते, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. पावसाळ्यात लावलेली शेवरी उन्हाळ्यात पाला देते. सुबाभूळ मात्र हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, जास्त झाली की केस गळतात. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात फुकट मिळतात, त्या पोत्यात भरून ठेवा. आणि पोटातल्या जंतांना खुराक घालू नका. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर जंताचं औषध द्या. पावसाआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. गावात पशुसखी असेल तर तिला बोलवा, नसेल तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा.

एक गोष्ट उरली, व्यायची वेळ. ऑक्टोबरमध्ये गाभण राहिलेली शेळी मार्चमध्ये विते. म्हणजे तिला दूध हवं तेव्हाच रान भाजलेलं असतं. जून-जुलैत गाभण राहिली तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विते. तेव्हा बांधावर गवत असतं, शेंगांचा पाला असतो, आणि उन्हाळा लागेपर्यंत करडं दूध सोडून खायला लागलेली असतात. त्यासाठी बोकड कळपात मोकळा सोडायचा नाही. तो वेगळा बांधायचा, आणि तारीख वहीत लिहायची.

शेवटी पैशाचं. शेळी ही घरातली बाईची चीज, असं सगळे म्हणतात. पण घाईघाईत विकलेल्या शेळीचा पैसा बाईच्या हातात क्वचितच राहतो. कुणाचा दवाखाना असतो, कुणाची उधारी असते, आणि व्यवहार दारात दुसराच कुणी करून टाकतो. ठरवून, मोजून, शिमग्याच्या आत विकलेल्या शेळीचं तसं होत नाही. कोणती विकायची, किती किलोची, कितीला, हे वहीत आधीच लिहिलेलं असतं. घरी बसून ही वही मालकांना, सासूबाईंना दाखवा. आकडा समोर असला की भांडण कमी होतं. त्या पैशातून उन्हाळ्याचे हप्ते आधीच बाजूला टाका, उरलेल्यातून कमी पडणारी वैरण सुगीत, स्वस्त असताना भरा.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा प्रत्येकीनं तीन आकडे लिहून आणा. घरी वैरण किती क्विंटल आहे, शिमग्यापर्यंत आणखी किती येणार, आणि दावणीला तोंडं किती. तिळगूळ वाटून झाला की तिथंच भागाकार करा. जिला गणित जमत नाही तिला शेजारणीनं करून द्यावं. ज्यांच्याकडे जादा शेळ्या निघतील त्यांनी मिळून एकाच दिवशी, काट्यावर वजन करून विकाव्यात.

तुमच्या गटाचे आकडे मला बैठकीत दाखवा. मी वही घेऊन येतेच आहे.