सल्ला : सुज्ञ आणि मूढ
(इंदुरी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आज आम्ही जो विषय मांडणार आहोत, त्याचे दाखले ख्रिस्ती जीवनातील आहेत. परंतु सल्ला मागण्याचा व देण्याचा प्रसंग कोणत्या घरी येत नाही?

बायबलात शलमोन राजाचा पुत्र रहबाम याची कथा आहे. बापाच्या अमदानीत वेठीने गांजलेली प्रजा शखेम येथे त्याच्यापुढे आली व आमचे जू हलके करा, असे विनवू लागली. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. वृद्धांनी प्रजेची सेवा करावयास सांगितले. बरोबरीच्या सोबत्यांनी जू अधिक जड करावयास सांगितले. दुसरा सल्ला त्याच्या अभिमानास रुचला, आणि बारांपैकी दहा वंश त्याला सोडून गेले. विचारले दोघांनाही, ऐकले मात्र स्वतःच्या अहंकाराचे!

मग केवळ वयोवृद्धांचे ऐकावे काय? तेवढ्यानेही भागत नाही. आपल्या इंदुरीनजीकच्या भंडारा डोंगरावर तुकोबांनी चिंतन केले. त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळच कोसळले. काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. त्यांचे सोवळे त्यांना पाळू दिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आधी जातिभेद टाकला आणि मगच बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास हे ठाऊक आहे. ज्याला आपल्या मताची खात्री असते, त्याला वाट पाहता येते. घाई करतो तो सल्ला नव्हे, तो हुकूम होय.

आता आमचीच एक चूक सांगतो. आम्ही शिक्षक असताना एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी विचारले, “गुरुजी, मुलगी सातवी झाली. पुढे तळेगावला धाडू का?” रस्ता लांबचा, उद्या काही झाले तर बोल आमच्यावर येईल, या भीतीने आम्ही म्हणालो, “पुरे झाले आता.” मुलगी हुशार होती, तिची शाळा तेथेच संपली. पुष्कळ वर्षांनी ती आपल्या लेकीस घेऊन भेटावयास आली व म्हणाली, “गुरुजी, हिला मात्र थांबा म्हणू नका.” तिच्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच आमची मान खाली गेली. आम्ही तिचे हित पाहिले नव्हते. आमची सोय पाहिली होती.

झाड फळावरून ओळखावे, असे येशू ख्रिस्ताने शिष्यांस शिकविले. परंतु फळ येईपर्यंत आयुष्य निघून जाते. म्हणून सल्ला घेतानाच पाहावे : सांगणारा आपली सोय पाहतो की आपले हित? तो विचार करण्यास अवधी देतो काय? आणि त्या वाटेवर अडचण आली, तर चार पावले तो बरोबर चालेल काय?

आपल्या मंडळाकडे विवाह, शिक्षण, जमीन यांविषयी कितीतरी कुटुंबे विचारावयास येतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी आपण सर्वांनी हे तीन प्रश्न प्रथम स्वतःस विचारावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.