गाडीच्या पाठीचा डोळा
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मोटारीला मागचा कॅमेरा बसविणे हा गॅरेजवाल्याचा विषय, महिला मंडळात त्याचे काय काम, असे कुणाच्या मनात आले असेल. पण गाडी मागे येते ती आपल्या अंगणात, आणि अंगणात खेळतात ती आपली मुले. म्हणून विषय आपलाच आहे.

आरसे कितीही स्वच्छ असोत, गाडीच्या अगदी पाठीशी असलेली जमीन चालकाला दिसत नाही. अमेरिकेत २००२ साली कॅमेरॉन गुलब्रान्सेन हे दोन वर्षांचे मूल घरापाशीच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेले. गाडी चालवीत होते त्याचे वडील, आणि तेही बालरोगतज्ज्ञ! त्या बाळाच्या नावाने २००८ साली कायदा झाला व मे २०१८ पासून तेथील नव्या मोटारींना मागचा कॅमेरा आवश्यक ठरला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा झाला. तो आवाज करून सावध करतो. मागे काय आहे ते दाखवीत नाही. जुन्या गाडीत तर तोही नसतो.

शिलाईयंत्र उघडून साफ करणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. कॅमेरा नंबरपट्टीच्या वर, अंक झाकणार नाहीत असा बसवावा. त्याची लाल तार रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेला, काळी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडावी. म्हणजे रिव्हर्स गिअर पडताच कॅमेरा चालू होतो. चित्राची लांब तार दाराच्या उंबऱ्यावरील पट्टीखालून पुढच्या पडद्यापर्यंत न्यावी. पडद्याची वीज फ्यूजमधूनच घ्यावी. पत्र्याच्या भोकात रबरी बूच घालावे, नाहीतर कडेने तार कापली जाते. एअरबॅगच्या तारांना मात्र हात लावू नये, आणि गाडीची वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्यावे.

मग परीक्षा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली फिरवून रिव्हर्स गिअर टाकलेला. एकीने पडद्याकडे पाहावे, दुसरीने बादली गाडीमागे सरकवीत न्यावी, दोन्ही कोपऱ्यांशीही. ती जेथे दिसेनाशी होते ती जागा घरातल्या प्रत्येक चालकाला दाखवावी.

आपल्या यवतमाळकडची काळी माती पावसाळ्यात चाकांबरोबर उडते आणि त्या इवल्या काचेवर बसते. चिखलाने माखलेला डोळा असून नसल्यासारखाच. देवघराची समई पुसावी तशी ती काच रोज ओल्या फडक्याने पुसावी.

आणि कॅमेरा आला म्हणून जुना नियम सोडू नये. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालावी, आणि ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मुलाचा हात कुणीतरी घट्ट धरून ठेवावा. यंत्र दाखवील, पाहायचे आपल्यालाच आहे.