शाळेच्या संगणकासाठी प्रोसेसरची निवड
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळांनी एकशिक्षकी शाळा चालविली आहे. पहिलीला अक्षरे गिरवावयास लावावी, तोवर तिसरीचे गणित फळ्यावर मांडावे, चौथीचा धडा ऐकावा आणि पुन्हा पहिलीकडे वळावे, हा क्रम आपणांस नवा नाही. चारही वर्ग एकदम चालले आहेत असे पाहुण्यास वाटते. वस्तुतः गुरुजी एका क्षणी एकाच वर्गाचे असतात. संगणकाचेही असेच आहे.

संगणकात आकडेमोड व आज्ञापालन करणारा जो मुख्य भाग त्यास प्रोसेसर म्हणतात. त्यातील काम करणारा गाभा म्हणजे कोअर. पूर्वी मेजावरील संगणकात बहुधा एकच कोअर असे. तो सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता एका कामाकडे पाही व लगेच दुसऱ्याकडे वळे. एकाच कोअरचा वेग वाढवीत नेल्याने उष्णता व विजेचा खर्च आवरेनासा झाला, तेव्हा २००५ साली इंटेल व एएमडी या कंपन्यांनी अशा संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. शाळेला दुसरे शिक्षक मिळाले म्हणा ना! जाहिरातीत कोअरबरोबर ‘थ्रेड’ हा शब्दही येतो. पहिलीची मुले पाटीवर लिहीत असता गुरुजींनी तिसरीचे पाढे ऐकावे, तशी एकाच कोअरला कामाची दुसरी रांग दिलेली असते. म्हणून ६ कोअर व १२ थ्रेड याचा अर्थ बारा शिक्षक असा नव्हे.

या बाबतीत मी स्वतः फसलो आहे, आणि ते सांगण्यास मला संकोच वाटत नाही. ग्रामस्थांनी वर्गणी जमविली. विक्रेत्याने जुना दुरुस्त केलेला संगणक दाखविला; त्यावर ‘आय-७’ अशी पट्टी होती. सात हा आकडा तीन व पाच यांहून मोठा, एवढेच आमचे गणित! यू-डायसची माहिती भरताना बाजूस मुलांसाठी चित्रफीत लावली की पडदा थिजून जाई. पुढे पूर्ण क्रमांक वाचला, तो आय-७ ८७० निघाला, म्हणजे २००९ चा प्रोसेसर. विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरविलेल्या यादीत हा प्रोसेसर नाही. ज्यांनी मजुरीतून पैसे दिले त्यांना हे समजावून सांगणे फार जड गेले.

आता २०२२ सालचा आय-३ १२१०० घ्या. त्यातही ४ कोअर व ८ थ्रेडच आहेत, परंतु त्याचा एकेक कोअर त्या जुन्या आय-७ च्या कोअरपेक्षा दुपटीहून अधिक काम करतो. तेव्हा आधी पिढी पाहावी, मग कोअर मोजावे. नावांची पद्धत कंपन्या बदलीत असतात. यास्तव पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि तो कोणत्या वर्षाचा हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. माहिती भरणे, हजेरीचे तक्ते, चित्रफीत व पाचसहा उघडी पाने एवढ्यास अलीकडच्या पिढीचे ४ कोअर पुरतात. ६ असल्यास उत्तमच. आय-५ १२४०० व रायझन ५ ५६००जी हे दोन्ही ६ कोअरचे आहेत. त्यापुढे पैसा घालणे मला पटत नाही. एका मुलास बाराखडी शिकविण्यास सहा गुरुजी बसविले म्हणून तो सहापट लवकर शिकत नाही. क्रमानेच होणारी कामे अनेक कोअरांत वाटता येत नाहीत, हे जीन अम्डाल यांनी १९६७ सालीच दाखविले होते.

वाचलेले पैसे स्मृतीसाठी, म्हणजे रॅमसाठी ठेवावे. ती ८ जीबीहून कमी नको, १६ असावी. रॅम भरली की संगणक मजकूर डिस्कवर हलवू लागतो, आणि मग कोअर कितीही असोत, ते वाट पाहत बसतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कऐवजी एसएसडी मागावी.

आणखी एक खोच आहे. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असल्यास त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटविणारा भाग नसतो. त्यासाठी निराळे कार्ड विकत घ्यावे लागते. १२४००एफ थोडा स्वस्त दिसतो तो यामुळेच. दरपत्रकात व पावतीवर हे अक्षर आहे की नाही, ते पैसे देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे.

छपाईयंत्राविषयी काहींनी विचारले आहे. ते पुढील परिषदेत घेऊ.