गाळणी बाजूला ठेवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी हिमायतबागेत किंवा सिद्धार्थ उद्यानात फिरायला जाणाऱ्या मंडळींचे बोलणे हल्ली रक्तदाबावरून सुरू होते आणि रसावर येऊन थांबते. कुणी दुधीचा रस घेतो, कुणी बिटाचा. कुणाच्या सुनेने मोबाइलवर पाहून हिरवीगार स्मूदी केलेली असते. त्या स्मूदीविषयीच आज थोडे बोलू या.

शब्द नवा असला, तरी वस्तू आपल्याला परकी नाही. फळ किंवा भाजी गरासकट वाटायची, त्यात दही, ताक किंवा दूध मिसळायचे आणि दाटसर प्यायचे, एवढीच तिची कृती. रस आणि स्मूदी यांत फरक आहे तो गाळणीचा. हा फरक आमच्या घराला जरा महागात पडून कळला.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता. एका आजारातून उठल्यावर अशक्तपणा जावा म्हणून आम्ही त्यांना रोज सकाळी मोसंबीचा रस देऊ लागलो. पैठण, जालना हा सगळा मोसंबीचा मुलूख. गावाकडून पोते यायचे. महिनाभराने साखर तपासली, तर ती चांगलीच वाढलेली. चहातली साखर तर केव्हाच बंद केली होती. "मग गोड आलं कुठून?" असे तेच आम्हाला विचारू लागले. गोड आम्हीच देत होतो, प्रेमाने, ग्लास भरभरून.

एक ग्लास रसाला तीन-चार मोसंबी लागतात. एका बैठकीत चार मोसंबी सोलून खाणारा माणूस विरळा. रस मात्र दोन मिनिटांत संपतो. चोथा गाळणीत राहतो आणि तीन-चार चमचे साखर झपाट्याने रक्तात उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातील साखरही वरून घातलेल्या साखरेच्या जोडीनेच मोजली आहे.

स्मूदीत चोथा पोटात जातो. तो पोट भरल्याची जाणीव देतो आणि बद्धकोष्ठतेवरही उपयोगी पडतो. तरीही ती अख्ख्या फळाची बरोबरी करू शकत नाही. मिक्सरमध्ये फळाचा बारीक लगदा होतो, चावण्याचे काम उरत नाही आणि पिताना अंदाज राहत नाही. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच घ्यावे, असे सांगितले आहे. दात शाबूत असतील, तर फळ चावूनच खावे. ज्यांना कवळी आहे, आजारपणाने ज्यांची भूक गेली आहे, भाजी पाहताच जी मुले तोंड फिरवतात, त्यांच्यासाठी स्मूदी ही खरी सोय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेले प्रमाण पाहा: रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे. म्हणजे भाजी जास्त, फळ कमी. आपण मिक्सरमध्ये नेमके उलटे करतो. दोन केळी, आंबा, वर मध आणि नावाला पालकाची दोन पाने!

आपल्या मातीतले उत्तम फळ म्हणजे पेरू. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅमची. एका पेरूच्या फोडी, एक काकडी, अर्धी वाटी दही, पुदिना, जिरेपूड आणि चवीला मीठ एकत्र फिरवा. बिया दाताखाली येत असतील, तर तेवढ्याच काढा. साखर नको, मधही नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व मदत करते. अशा बहिणींनी पेरू-टोमॅटोची स्मूदी दही न घालता, लिंबू पिळून, बाजरीची भाकरी आणि मेथीच्या भाजीसोबत घ्यावी. जेवणावर लगेच चहा मात्र नको. तो लोह अडवतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालू ठेवाव्यात.

गाजर-बिटाच्या स्मूदीत चमचाभर भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे घाला. गाजरातील 'अ' जीवनसत्त्वाचा अंश शरीरात शोषला जायला थोडी स्निग्धता लागते. पालक कच्चा वाटू नका. दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्या; त्यातील ऑक्झलेट कमी होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले जाते आणि मुतखड्याचा त्रास बळावतो. अशा वेळी रोज ग्लासभर कच्चा पालक ही हौस नसलेलीच बरी.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुधी, काकडी, दोडका चिरला की आधी एक लहानशी फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ती भाजी फेकून द्या. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस अजिबात न पिण्याचा इशारा दिला. 'कडू तेवढे औषधी' हा समज इथे जिवावर बेतू शकतो. कडू रस पोटात गेलाच आणि उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना फळ-भाज्यांतील पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. मधुमेहींनी आपला ग्लास इन्सुलिन आणि गोळ्यांच्या हिशेबात धरावा. या तिघांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. फळे-भाज्या स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात आणि स्मूदी केल्याबरोबर संपवावी.

सासऱ्यांचा रस आम्ही थांबवला. त्याऐवजी दुपारी एक मोसंबी सोलून, पाकळ्या करून त्यांच्यापुढे ठेवू लागलो. पाकळी पाकळी चघळत ते अर्धा तास गप्पा मारत. ग्लास हातात दिला की तो रिकामा करून ते खोलीत निघून जात असत. त्या अर्ध्या तासाचे मोल कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही.