मळमळीवर वासाचा उपाय
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



बोलायला उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर चिपळूणचे. कुंभार्ली घाट लागला की एस.टी.त कितीतरी बायकांच्या हातात लिंबू दिसायचे. चोखायला नव्हे, हुंगायला. सालीवर नख ओढायचे, लिंबू नाकापासून चार बोटे दूर धरायचे, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, तोंडाने सोडायचा. भसाभसा हुंगले तर उलट चक्कर येते. कोणाला ठेचलेले आले मानवते, कोणाला पुदिना. इराणात १०० गरोदर बायकांना लिंबाच्या तेलाचा वास देऊन पाहिला. मळमळ कमी झाली, असे २०१४ साली छापून आले. धाकटीने वाचून दाखवले तेव्हा मला फार बरे वाटले.

पण माझी चूकही सांगते. थोरली लेक तिसऱ्या महिन्यात माहेरी आली होती. दोन दिवस लिंबाने तिला बरे वाटले, म्हणून पुढेही मी लिंबूच धरून बसले. पोटात घोटभर पाणी ठरेना, तरी माझे आपले, "डोहाळे आहेत, आम्हीही काढले." शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांनी एवढेच विचारले, "अगं, हिला लघवी कधी झाली?" मला सांगता येईना. लेक म्हणाली, "काल दुपारी."

तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. सलाईन लावले तरी उमासे चालूच. तेव्हा नर्सबाईंनी सुईआधी कातडी पुसायची स्पिरिटची पट्टी फोडून तिच्या नाकाखाली धरली व सावकाश श्वास घ्यायला लावला. चार-पाच श्वासांत तिचा चेहरा निवळला. अमेरिकेत तातडीच्या विभागातल्या ८० रोग्यांवर याचीही चाचणी झाली व ती २०१६ साली छापली गेली. पण अंगातले पाणी भरून आले ते सलाईननेच. पाणी ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, घेरी येत असेल, तर लिंबू पदरात बांधा आणि आधी डॉक्टर गाठा.

पट्टी घरी ठेवलीत तर विस्तवापासून दूर ठेवा. तान्ह्याच्या नाकाशी कापूर किंवा पुदिन्याचा अर्क नेऊ नका. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात.

लेक आता बरी आहे. काकू पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्या दिवशी गडबडीत राहून गेले, म्हणून आज सर्वांसमोर त्यांना नमस्कार करते व खाली बसते.